सुशीलाबाईंचा जबाब

उट्रेख्त, नेदरलँड्स
९ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मामाजी,
सप्रेम जय भीम.

रविवारी मी फोनवर पाऊण तास ओरडले. शेजारची म्हातारी काय झालं म्हणून दारात येऊन उभी राहिली, पण तुम्हाला एक अक्षर ऐकू आलं नाही. तुम्ही आपले लाखनीच्या उड्डाणपुलाबद्दल बोलत होतात. कानाचं यंत्र पेटीत ठेवायला घेतलंय का? असो. तुम्ही जिल्हा परिषदेत तीस वर्षं टंकलेखन केलंय आणि ईमेलला अजूनही पत्रच म्हणता, तेव्हा पत्रच लिहिते.

गोष्ट तृप्तीची आहे. भंडाऱ्याच्या संस्थेतून तिला दत्तक घेऊन घरी आणलं तेव्हा ती तेरा महिन्यांची होती. आता सोळाची आहे. संस्था कधीच बंद पडली, पण आम्हाला मिळालेली फाइल माझ्या कपाटात होती. मागच्या महिन्यात तिला ती सापडली. मराठी मीच तिला हौसेनं वाचायला शिकवलं होतं, त्याचं फळ मिळालं. फाइलमध्ये लिहिलंय, 'सिहोरा परिसरात उकिरड्यावर टाकलेले स्त्री अर्भक.' एवढंच. तिच्या जन्माबद्दल सरकारदरबारी एवढंच वाक्य आहे.

तेव्हापासून दर मंगळवारी कचऱ्याची गाडी येते त्या दिवशी ती स्वतः डबे बाहेर नेऊन ठेवते. मी उठले तर म्हणते, "राहू दे आई, हे माझं खातं आहे." मामाजी, मी काय करू सांगा. ओरडू की रडू?

डिसेंबरची तिकिटं काढलेली आहेत, अनुप, मी आणि ती, आम्ही तिघं तिकडे येणार होतो. आता ती म्हणते, "ज्यांनी मला फेकलं त्यांचं गाव बघायला कशाला येऊ?" तिकिटं रद्द करायची तर १० नोव्हेंबरच्या आत करायची आहेत. गेली तीन वर्षं मी इथून ईमेल पाठवतेय. एक कार्यालय दुसऱ्याकडे पाठवतं, दुसरं पुन्हा पहिल्याकडे. अनुप म्हणतो, सोडून दे. मला सोडता येत नाही.

तुम्ही सिहोऱ्याला जाऊन या. कोणी टाकलं, का टाकलं, काहीतरी कळू दे. त्या एका वाक्याला लागून दुसरं एखादं वाक्य मला हवंय.

तुमची,
हर्षा


लाखनी, जि. भंडारा
१४ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षा हिस,
सप्रेम जय भीम.

पत्र पावले. कानाचं यंत्र पेटीतच आहे, कारण ते लावलं की तुझी मामी जास्त ऐकू येते.

सिहोऱ्याला जाऊन आलो. 'जाऊन या' असं तू सहज लिहितेस. लाखनीहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, तुमसरहून सिहोरा, अशा तीन एसट्या आणि एक काळीपिवळी. वय बहात्तर. सध्या हलक्या धानाची कापणी सुरू आहे. गावात माणूस नाही, सगळे धानाच्या बांधीत. हाती वही घेतलेला म्हातारा पाहून एकाला वाटलं मी धानाच्या बोनसची यादी करायला आलोय. त्यानं मला खुर्ची दिली. खरं कारण सांगितल्यावर ती काढून घेतली.

पानठेल्यावर चार जण होते. त्यांना विचारलं, सोळा वर्षांपूर्वी इथं उकिरड्यावर मुलगी सापडली होती का? घनश्याम नावाचा एक जण अंगावरच आला. "आमच्या गावात पोट्ट्या फेकत नाहीत, बुढेबावा. तुमच्या लाखनीत फेकत असन." मी म्हटलं, सरकारी कागदात लिहिलंय. तर म्हणतो, "सरकारी कागदात तर माया मेलेला बाप आजून रेशन उचलून राहिला!"

आता तुझी चूक सांगतो. तू मला एक वाक्य पाठवलंस. फाइल एका वाक्याची नसते. मूल आणणारा कोण, त्याचा जबाब कुठे, पंचनामा कुठे? अर्धा कागद दाखवून पुरं काम सांगणारे साहेब मी नोकरीत पुष्कळ पाहिले. घरातल्या माणसाकडून ती अपेक्षा नव्हती. पूर्ण फाइल पाठव. तोवर माझं पुढचं पाऊल नाही.

मामी विचारते, पोरगी जेवते का नीट?

तुझा मामा,
के. के. मेश्राम


उट्रेख्त
१६ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मामाजी,

पूर्ण फाइल का नाही पाठवली ते सांगते. लाज वाटत होती.

तृप्ती लहान असताना विचारायची, मला कोणी दिलं? मी गोष्ट रचली. तुझी आई गरीब होती, तिनं तुला छातीशी धरून संस्थेत आणलं, रडत रडत आमच्यासाठी ठेवलं. दहा वर्षं हीच गोष्ट तिला झोपताना सांगितली. दरवेळी थोडी मीठमिरची लावली. हिरवं लुगडंही घातलं तिच्या अंगावर. फाइल सापडली तेव्हा तृप्तीनं पहिलं विचारलं ते हे, "आई, ते हिरवं लुगडं कुठंय यात?" म्हणजे तिचा अर्धा राग त्या अनोळखी बाईवर आहे आणि अर्धा माझ्यावर. माझ्यावरचा तर अगदी रास्त आहे. तुम्हाला सगळी फाइल पाठवली असती तर तुम्ही तिच्याशी बोलताना काहीतरी बोलून गेला असता आणि मी पुन्हा उघडी पडले असते, असं वाटलं. आता पडायचं काही राहिलेलं नाही.

सोबत तिसरं पान जोडते आहे. १४ सप्टेंबर २००९. मूल दवाखान्यात आणणारी 'सुशीला कवडू, रा. बोडीटोला', पुढे अंगठा. जबाब, 'मला उकिरड्यावर सापडली.' नातं, 'काही नाही.' वय अंदाजे तीन आठवडे, निमोनिया. बाकी त्या कारकुनानं नको ते सगळं बारीक लिहून ठेवलंय. अंगावर पिवळं झबलं, डोळ्यांत काजळ, टाळूला तेल, कमरेला काळा गोफ. आईचं नाव लिहायच्या जागी मात्र आडवी रेघ. याला काय म्हणावं!

आता तरी जाल ना?

हर्षा


लाखनी
२४ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षा हिस,

गेलो. बोडीटोला हे सिहोऱ्यापासून कच्च्या रस्त्यानं आत, तीसेक घरांचं गाव. सुशीलाबाई भेटल्या. पंचावन्नच्या आसपास, काटक. नवरा कवडू शेतावर होता. घर स्वच्छ. मला चहा दिला, अगदी चांगला दिला. इतकंच समाधान.

मी रीतसर विचारलं, १४ सप्टेंबर २००९ रोजी तुम्ही एक मूल दवाखान्यात नेलं होतं का?

"नेलं."

कोणाचं होतं?

"मले उकंड्यावर सापडली."

तेच वाक्य. इकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात एवढाच फरक. मी वेगवेगळ्या रीतीनं विचारलं. कोणत्या उकिरड्यावर? कोणी टाकताना पाहिलं? गावात तेव्हा कोण बाळंत झालं होतं? प्रत्येक वेळी एकच, "सापडली मले." शेवटी मी आवाज चढवला. म्हटलं, बाई, त्या पोरीचा जीव अडकलाय यात! तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "जित्ती आहे?" म्हटलं, आहे, सोळा वर्षांची आहे. त्यांनी कपबशी तशीच खाली ठेवली. उठून आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. मी तासभर ओट्यावर बसलो, मग शेवटच्या गाडीची वेळ झाली.

आता माझा निष्कर्ष. माझी नजर कागदावर मुरलेली आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. जी बाई सोळा वर्षं एकच वाक्य घोकते, ती काहीतरी लपवते. 'सापडली' म्हणणारी आणि टाकणारी एकच असावी. मूल तिचंच किंवा तिच्या घरातलं. जिवंत आहे म्हटल्यावर घाबरून आत पळाली, यावरून मला तरी शंका उरलेली नाही. यापुढे काही निघणार नाही. प्रकरण बंद करावं.

तुझ्या मामीला हे वाचून दाखवलं. तिनं तिसरं पान मागून घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं, आणि तेव्हापासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते आहे. बायकांचं मला समजत नाही.

के. के. मेश्राम


उट्रेख्त
२६ ऑक्टोबर २०२५

मामाजी,

तुमच्या नजरेला माझा दंडवत.

पत्र उघडं टाकून मी दार उघडायला गेले. परत आले तर तृप्ती बोट ठेवून ठेवून वाचत होती. 'टाकणारी एकच असावी' इथं तिचं बोट थांबलं होतं. मला म्हणाली, "म्हणजे ती फेकूनही दिली आणि उचलून नेल्याचं नावही घेतलं." मग दिवसभर खोलीतून बाहेर आली नाही. अनुपनं दाराबाहेर ताट ठेवलं, ते तसंच परत आलं.

निष्कर्ष कोणी मागितला होता तुम्हाला? मी एक वाक्य मागितलं होतं. तुम्ही त्या बाईला आरोपी करून आलात. 'जित्ती आहे?' असं विचारते ती घाबरलेली बाई असते का हो मामाजी? तुम्हाला तसं दिसलं असेल, मला इथून दिसत नाही. इथून मला काहीच दिसत नाही, हेच तर माझं रडगाणं आहे.

तिकिटं रद्द करायची तर १० तारखेच्या आत करायची आहेत. तोपर्यंत मामींना घेऊन एकदा जा. आणि तुम्ही कृपा करून ओट्यावर बसा. बोलू मामींना द्या.

हर्षा


लाखनी
६ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षा हिस,

हे पत्र शांतपणे वाच आणि मग तृप्तीला दे. या खेपेला उघडं टाकायचं नाही, तिच्या हातात द्यायचं.

काल तुझी मामी आणि मी बोडीटोल्याला गेलो. एसटीत बसल्याबसल्या तिनं तोंड उघडलं. "फेकणारी बाई लेकराले काजळ घालते का?" मी म्हटलं, काय? "टाळूले तेल, कमरेले गोफ. तीन आठवडे कोणीतरी त्या पोरीले रोज न्हाऊमाखू घातलं. उकंड्यावर तीन आठवडे राहिली का ते? तीस वर्सं कागद वाचले तुमी, अन हे नाही वाचलं?"

मी पिशवीतून तिसरं पान काढून पुन्हा वाचलं.

सुशीलाबाई घरीच होत्या. मामीनं काही विचारलं नाही. दोघी धान पाखडायला बसल्या. मामी म्हणाली, मला एक सूप द्या. भिंतीवर एक टांगलेलं होतं, त्याला तिनं हात लावला, तर सुशीलाबाई ओरडल्या, "ते नोको, बाई!" दुसरं आणून दिलं. कापणीचे दिवस, घरात सूप कमी पडतंय आणि एक चांगलं सूप भिंतीवर नुसतं टांगलेलं. मामीनं हात जोडले. बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या.

तेवढ्यात कवडू शेतावरून आले. मला पाहून आधी चिडले. मग बायकोकडे पाहून जास्त चिडले. "सोळा वर्सं झाले सायेब, या बाईच्या तोंडात हेच एक वाक्य! मी थकलो. तिनं सबद देला आहे, मी नाही देला. मी सांगतो."

त्यांनी सांगितलं ते असं. शेजारी कामिनी राहायची, तिचा नवरा ईश्वर. दोन मुलं झाली आणि दोन्ही महिन्याच्या आत गेली. तिसरी ही मुलगी. इकडे जुनी रीत अशी की ज्या घरी लेकरं जगत नाहीत तिथलं नवं लेकरू पाचव्या दिवशी सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. दुसऱ्या बाईनं ते उचलायचं आणि सगळ्यांना सांगायचं, मला उकिरड्यावर सापडलं. मरणाला वाटावं, हे तर टाकाऊ लेकरू, कोणाचं नाही, याला कशाला न्यायचं. वर्षानं आई तेच सूप भरून धान देऊन आपलं लेकरू परत घेते. तोवर ते कोणाचं हे उचलणारीनं कोणालाही सांगायचं नाही. सांगितलं तर लेकरू दगावतं, असा धाक.

कवडू म्हणाले, "कामिनीनं आपल्या हातानं ठेवली अन रडत रडत दोन पावलं बाजूले झाली. दोनच पावलं. आमच्या घरची उचलेपर्यंत तिची नजर हालली नाही. फेकली नाही सायेब. जगावी म्हणून ठेवली. आता मी कवडू काहून? मलेबी असंच विकत घेतलं होतं, एका कवडीत. मी जगलो ना?"

पुढचं ऐकताना मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. कामिनीला बाळंतज्वर झाला, ईश्वर तिला नागपूरला घेऊन गेला. सुशीलाबाईंचं धाकटं पोर तेव्हा अंगावर पीत होतं, त्याच्यासोबत हे बाळही. बाळाची छाती भरली तशा त्या धावत दवाखान्यात गेल्या. तिथं विचारलं, कोणाचं? आणि या बाईनं, लेकरू तापानं फणफणलेलं, आता खरं बोलले तर हमखास जाईल या भीतीनं, सांगितलं, उकंड्यावर सापडली. त्यांनी लिहून घेतलं. बेवारस म्हणून पोरगी संस्थेत. कामिनी नागपुरात वारली. ईश्वर एकदा येऊन गेला, घर रिकामं पाहून, हीही पोरगी गेलीच असं धरून हैदराबादकडे गेला तो गेलाच. कवडूही तेव्हा त्याच धाकानं बोलले नाहीत. सुशीलाबाई तीनदा संस्थेत गेल्या. "तुमचं नातं काय?" "काही नाही. सापडली मले." मग घरी जा, म्हणाले. तीनदा! एक खरं वाक्य बोलल्या असत्या तर पोरगी कडेवर घेऊन आल्या असत्या. मी म्हटलंसुद्धा, बाई, एकदा तरी! त्यांनी पहिल्यांदाच दुसरं काही सांगितलं. "अन मेली असती तं?"

मी वही मिटून पिशवीत घातली.

परत येताना मामी म्हणाली, "तुमचा बापबी उकंड्यावरचाच ना? मंग तुमाले कसं नाही समजलं?"

हर्षा, माझ्या वडिलांचं नाव कचरू. तुला ठाऊक आहे, पण मी ते कधी उच्चारलेलं तू ऐकलं नसशील. आधीची दोन भावंडं गेली म्हणून आजीनं त्यांना उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा वडिलांनी अशा सगळ्या रीती सोडल्या. चांगलंच केलं, मला ते खूळ आजही मान्य नाही. पण मी रीतीबरोबर त्यांचं नावही सोडलं. शाळेत पोरं चिडवायची म्हणून के. के. झालो आणि जन्मभर के. के. राहिलो. त्या नावात आजीची केवढी धडपड होती ते मी बहात्तर वर्षांत एकदाही वाचलं नाही. आणि निघालो होतो तुझी फाइल वाचायला.

तृप्तीला सांग, कवडू म्हणतात जन्म तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. शेजारच्यांचं जुनं पंचांग उघडून पाहिलं, २१ ऑगस्ट २००९. आईच्या नावाच्या रेघेवर कामिनी लिही. लुगड्याचा रंग मी विचारला नाही. तो तिनं येऊन विचारावा.

तुझा मामा,
केशव


उट्रेख्त
९ नोव्हेंबर २०२५

मामाआजोबा,

मी तृप्ती. हे मी स्वतः टाइप करते आहे, आईनं फक्त चुका दुरुस्त केल्या. काही ठिकाणी ती भांडली, तिथं मी तिला ऐकलं नाही.

मी खूप चिडलेली आहे. मी यादी केली. आईवर, कारण तिनं खोटी गोष्ट सांगितली. कारकुनावर, कारण त्यानं काजळ लिहिलं आणि त्यावर विचार केला नाही. तुमच्यावर, कारण तुम्ही निष्कर्ष काढला. सुशीलाबाईंवर सगळ्यात जास्त. इतकं सोपं होतं! यादीत पहिलं नाव होतं ते मी खोडलं. आधी तिथं नाव नव्हतं, 'ती बाई' होतं. म्हणून आधी 'कामिनी' लिहिलं आणि मग खोडलं. खोडल्यावर खूप वेळ रडले, मग आईनं भात केला, तो खाल्ला.

दोन पावलं म्हणजे किती, ते मी खोलीत चालून पाहिलं. तिथून बाळ चांगलं दिसतं.

प्रश्न एक. सूपभर धान म्हणजे किती किलो? बाबा म्हणतात, विमानात नेता येणार नाही. प्रश्न दोन. कामिनी नाही, तर परत घेण्याचं धान मी स्वतः दिलं तर चालतं का? मला मी परत हवी आहे. आणि सुशीलाबाईंना सुटी पण मिळेल. सोळा वर्षं म्हणजे त्यांची ड्युटी फार झाली.

तिकिटं रद्द केली नाहीत. आम्ही १९ डिसेंबरला येतो.

तृप्ती


लाखनी
१३ नोव्हेंबर २०२५

चि. तृप्ती हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन पुन्हा बोडीटोल्याला गेलो. माझ्या यादीत आता एसटी महामंडळाचं नाव पहिलं आहे.

ओट्यावर बसून तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. 'सगळ्यात जास्त राग सुशीलाबाईंवर' हेही गाळलं नाही. तिथं कवडू मोठ्यानं हसले आणि म्हणाले, पोट्टी बरोबर बोलली. सुशीलाबाई हसल्या नाहीत. संपल्यावर पुन्हा वाचायला लावलं. मग उठून त्यांनी भिंतीवरचं सूप उतरवलं. पुसलं, शेणानं सारवलं आणि उन्हात वाळत ठेवलं.

उत्तर एक. अंदाजे तीन किलो. धान त्यांच्याच शेतातलं घ्यायचं, तुझ्या हातानं कापलेलं नसलं तरी तुझ्या हातानं भरलेलं हवं, असं त्या म्हणतात. उत्तर दोन. आईनं द्यावं अशी रीत आहे. पण लेकरू स्वतः आलं तर काय करायचं, असं आजवर कोणावर आलंच नव्हतं म्हणे. दोघांनी बराच वेळ वाद घातला आणि चालेल असं ठरलं.

मग मी म्हटलं, आता पोरगी येते आहे, सगळं उघड झालं आहे, आता तरी एकदा तोंडानं म्हणा की ती कामिनीची. माझ्या समाधानासाठी.

म्हणाल्या, "धान भेटलं का म्हणीन. तवरिक सापडलीच."

मी कपाळाला हात लावला. कवडूंनीही लावला. तेव्हा वेळेवर ये, फार दिवस मला हे सहन होणार नाही.

तुझा मामाआजोबा,
केशव कचरू मेश्राम